कॉर्न स्नेकचं पिल्लू: आधी ऊब, मग उंदीर

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. अंड्यातून निघतो तेव्हा जेमतेम वीतभर लांब आणि करंगळीहून बारीक. पुढे तीन ते पाच फूट वाढतो आणि पंधरा-वीस वर्षं जगतो. अमेरिका-ब्रिटनमध्ये तो हौसेने पाळतात, तिथल्या मराठी घरांतही मुलं त्याच्यासाठी हट्ट धरतात. भारतात मात्र धामण, नाग, अजगर असे इथले साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. म्हणून हे सगळं फक्त कॉर्न स्नेकपुरतं.

पिल्लू आणलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘खायला काय घालायचं?’ खरं तर आधी ऊब बघायला हवी. सापाचं शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही आणि उबेशिवाय पोटातलं अन्न पचत नाही. पेटीच्या एका टोकाला तळाशी २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २५ अंश तापमान ठेवावं, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. हीटर थर्मोस्टॅटविना कधीही लावू नये, पोट भाजतं. दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसेल अशी लपायची जागा द्यावी. एकच असली तर पिल्लू भीतीपोटी त्याच टोकाला दबून राहतं. झाकण पक्कं हवं. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पिल्लू सहज निसटतं.

पहिला आठवडा त्याला हात लावू नये. मग पिंकी द्यावी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, गोठवलेलं. जिवंत भक्ष्याची गरज नसते. पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावी, मग पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवावी. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजते आणि आतून गारच राहते. चिमट्याने समोर धरून किंचित हलवली की जीभ भराभर आतबाहेर होते, आणि एका झटक्यात पिंकी वेटोळ्यात जाते.

पुढचं जवळून बघण्यासारखं असतं. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे एकमेकांना हाडाने जोडलेले नसतात. एक बाजू पुढे सरकते, मागे वळलेले दात रुततात, मग दुसरी बाजू सरकते. तोंड असं भरलेलं असताना श्वासनलिकेचं टोक जिभेजवळून पुढे येतं, म्हणून त्याचा जीव गुदमरत नाही. शेवटी दोन-तीन मोठ्या जांभया देऊन जबडा जागेवर येतो.

दर पाच ते सात दिवसांनी एक पिंकी पुरते. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं किंवा थोडंसंच जास्त असावं. खाल्ल्यावर ४८ तास त्याला उचलू नये. उचललं, पेटी गार पडली किंवा घास मोठा झाला, तर पिल्लू ओकतं. ओकण्यातून पोटाचं फार नुकसान होतं, म्हणून त्यानंतर दहा-बारा दिवस काही न देता पाणीच ठेवावं आणि मग आधीपेक्षा लहान पिंकी द्यावी. इथे घाई करणारी प्रेमळ माणसंच पिल्लू गमावतात, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

खात नसेल तर आधी तापमान मोजावं, मग डोळे बघावेत. कात टाकायच्या आधी ते निळसर धुरकट होतात, तेव्हा भूक मंदावते. अशा वेळी ओलसर शेवाळ भरलेला डबा आत ठेवला की कात सलग निघते. डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकाला तुकडा राहिला तर ओढू नये, ओलावा वाढवावा. एवढं करूनही खात नसेल, तर पिंकी आणि पिल्लू एका लहान छिद्रांच्या डब्यात रात्रभर अंधारात ठेवून बघावं. रानात ही पिल्लं सरडे, बेडूकही खातात. म्हणून पिंकीला सरड्याचा वास लावला की काही हट्टी पिल्लं खायला लागतात.

दर आठवड्याला ग्रॅमचा काटा वापरून वजन लिहून ठेवावं. वजन सतत घटू लागलं, किंवा साप तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठावेत. सापाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात तर तो देऊच नये.