प्राणहितेने समुद्रात नेलेले अरण्य

चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून पुढे नदी प्राणहिता म्हणून वाहते. सिरोंच्यापाशी ती गोदावरीला मिळते, त्याच तालुक्यात खाली सोमनूरला इंद्रावतीही येते. नाशिक-मराठवाड्याच्या पर्जन्यछायेतून आलेली गोदावरी खऱ्या अर्थाने भरते ती इथे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रानातला साग, ऐन, मोह, तेंदू, बांबू यांचा पालापाचोळा मातीत मिसळतो आणि पावसाळ्यात याच वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघतो. पान वाटेतच कुजते. त्याच्या पृष्ठभागावरचे मेण मात्र हजारो वर्षे टिकते. या मेणावरून मध्य भारताचा गेल्या सुमारे दहा हजार वर्षांचा पाऊसपाण्याचा इतिहास वाचता आला आहे.

जमिनीवरच्या प्रत्येक झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, ते याच मेणामुळे. पानातले पाणी उन्हात उडून जाऊ नये, बुरशी आत शिरू नये, यासाठी ही व्यवस्था आहे. या मेणात कार्बन अणूंच्या लांब साखळ्या असतात. वनस्पती त्या दोन-दोन कार्बन जोडत रचते, म्हणून मेदाम्लांमध्ये कार्बनची संख्या सम येते. त्यातला एक कार्बन गळून जे हायड्रोकार्बन बनते त्यात ती विषम असते : २७, २९, ३१. पाण्यातल्या शेवाळाच्या साखळ्या बहुधा याहून बऱ्याच आखूड असतात. त्यामुळे समुद्रतळाच्या चिखलात अशा लांब साखळ्या सापडल्या, तर त्या जमिनीवरच्या पानांतून आल्या हे ओळखता येते. १९६७ मध्ये जेफ्री एग्लिंटन आणि रिचर्ड हॅमिल्टन या रसायनशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये पानांवरच्या मेणाविषयी लिहिलेला लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो.

मेण पानाचे आहे हे कळले, पण पान कसले? इथे कार्बनची दोन समस्थानिके कामी येतात. निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्का कार्बन-१३ असतो, बाकी जवळपास सगळा हलका कार्बन-१२. झाडे, झुडपे आणि भात हवेतला कार्बन डायऑक्साइड ज्या पद्धतीने बांधतात, तिला सी-३ म्हणतात. त्या पद्धतीत जड कार्बन मोठ्या प्रमाणात मागे राहतो. कुसळी, पवन्या, मारवेल ही माळरानाची गवते आणि ज्वारी, बाजरी, मका ही पिके सी-४ पद्धतीची आहेत. कडक ऊन आणि कमी पाणी ती चांगले सोसतात, आणि त्यांच्या मेणात जड कार्बन जास्त उतरतो. त्यामुळे मेणातला कार्बन जड होत गेला, की रान विरळ होऊन गवताळ माळ वाढला असे समजायचे. गडचिरोलीच्या वाचकाने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बांबू हे गवतच असले तरी सी-३ आहे, म्हणून या मोजणीत तो सागाच्या बाजूला जातो. धानाचेही तसेच. जंगल तोडून धानाची बांधी केली तर कार्बनला तो बदल फारसा कळत नाही, ज्वारी पेरली तर लगेच कळतो.

२००६ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ हे जहाज भारताच्या किनाऱ्याजवळ गॅस हायड्रेटच्या शोधात होते. शोध इंधनाचा होता. पण गोदावरीच्या मुखासमोर सुमारे सव्वा किलोमीटर खोल पाण्याखालून नळीने जो गाळ वर आला, त्यात नदीने आणलेले पानांचे मेण थरावर थर साठलेले होते. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या कामिलो पोंतोन, लिव्यू जोसान आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या गटात जेफ्री एग्लिंटन यांचे पुत्र टिमोथी एग्लिंटनही होते. वडिलांनी पानावर ओळखलेल्या रेणूंवरून मुलाच्या पिढीने अख्ख्या खोऱ्याचे हवामान वाचावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

गाळाने सांगितले ते असे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवामानाच्या वनस्पती हळूहळू वाढू लागल्या. ही वाढ १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू राहिली आणि पुढेही तो कोरडेपणा हटला नाही. एवढ्यावर कोणी म्हणेल की ही माणसाच्या शेतीची खूण असेल, पावसाची नव्हे. त्यासाठी दुसरा साक्षीदार त्याच चिखलात होता : समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे. या कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून पाण्याच्या खारेपणाचा अंदाज येतो. गेल्या ३,००० वर्षांत उपसागराचे पाणी अधूनमधून पूर्वी कधी नव्हते इतके खारे झाल्याचे त्यांत दिसले, म्हणजे त्या काळात गोडे पाणी कमी येत होते. विदर्भातच बुलढाण्याच्या लोणार सरोवरातून काढलेल्या गाळातही ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन दीर्घ अवर्षणकाळ आढळले आहेत. दोन्ही नोंदींच्या तारखा तंतोतंत जुळत नाहीत, पण रोख एकच आहे.

२०१७ मध्ये जोसान यांच्या गटाने याच गाळावरून आणखी एक निष्कर्ष काढला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाऊस कमी झाला तर नदी माती कमी वाहून नेईल, असे आपण धरून चालतो. झाले उलट. मान्सून दुबळा झाल्यावर मातीची धूप वाढली. झाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली आणि जो पाऊस पडला त्याने ती खरवडून नेली. पुढे दख्खनवर शेती आली, लोहयुगात ती पसरली, तेव्हा धूप आणखी वाढली. समुद्रात पोचणारा सेंद्रिय कार्बनही वयाने जुना होत गेला, कारण खोलवरची जुनी माती उघडी पडून वाहू लागली होती.

अर्थात समुद्रातला गाळ सगळ्या खोऱ्याचा मिळून असतो. त्यातून आलापल्लीचे पान वेगळे आणि परभणीचे वेगळे काढता येत नाही. तरी दिशा कळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या काठची माती व गाळ तपासला गेला. वरच्या खोऱ्यात जड कार्बनाचा, म्हणजे सी-४ वनस्पतींचा वरचष्मा दिसला, आणि खालच्या खोऱ्यात सी-३ वनस्पतींचा. सिरोंच्याच्या संगमांवर जे पाणी गोदावरीला मिळते, ते याच झाडीचा हलका कार्बन घेऊन येते. त्याच अभ्यासानुसार गोदावरी समुद्राला वर्षाला साधारण १७ कोटी टन गाळ आणि त्यासोबत १५ लाख टन जमिनीवरचा सेंद्रिय कार्बन देते. मात्र धरणांनी या वाहतुकीचे प्रमाण आणि स्वरूप दोन्ही बदलून टाकले, हेही त्यात नोंदवले आहे. वैनगंगेवर गोसीखुर्द आहे, सिरोंच्याच्या खाली २०१९ पासून मेडीगड्डा बॅरेज आहे. आजच्या सागाच्या पानाचे मेण बंगालच्या उपसागरात पूर्वीसारखे पोचेल, असे धरून चालता येणार नाही.

म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा स्वतःचा इतिहास वाचायचा तर तो इथल्याच पाण्याच्या तळाशी शोधला पाहिजे. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात. चंद्रपूरजवळ जुनोन्यासारखा गोंड राजवटीशी जोडला जाणारा तलाव आहे. त्यांच्या तळाशी आसपासच्या रानातून वाहून आलेली माती साठत आली आहे. हजारो वर्षांचा नाही, पण काही शतकांचा हिशेब तिथे मिळू शकतो, आणि तोही एकेका गावाच्या झाडीचा. उन्हाळ्यात तलाव खोल करण्यासाठी गाळ उपसला जातो आणि शेतात टाकला जातो. शेतीला तो हवाच आहे. पण जिथे गाळ अजून हललेला नाही तिथे उपशाआधी एक नळी सरळ तळापर्यंत उतरवावी, निघालेला गाळ थरांचा क्रम न मोडता थंड जागी ठेवावा आणि नळीवर तलावाचे नाव व तारीख लिहावी. एवढे काम वनविभाग, जलसंधारण विभाग आणि गोंडवाना विद्यापीठ मिळून करू शकतील.