बर्ड आणि मॅजिक, एकाच कार्डावर!
बास्केटबॉलच्या जुन्या रुकी कार्डांत, म्हणजे खेळाडूंच्या पहिल्यावहिल्या कार्डांत, माझं सगळ्यांत लाडकं कार्ड टॉप्स कंपनीचं, 1980-81 च्या मोसमातलं. लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन, दोघांचंही रुकी कार्ड हेच! मधोमध ज्युलियस अर्व्हिंग. तीन चिमुकली कार्डं जोडलेली, आणि त्यांच्यामध्ये पोस्टाच्या तिकिटांना असते तशी भोकांची रेघ. अनेक पोरांनी ती सरळ फाडून सुटी केली. म्हणून अखंड कार्डाला खरं मोल. सुट्या तुकड्याला त्या मानाने फारच कमी.

घेताना आधी ती रेघ निरखा: घडी पडलीय का, उसवायला आलीय का? मग कोपरे, कडा आणि छपाईचे काळे ठिपके. पीएसएसारख्या कंपन्या कार्डाची अवस्था तपासून 10 पैकी ग्रेड देतात. वरच्या ग्रेडला भाव कित्येक पटींनी चढतो. नकली कार्डंही फिरतात, तेव्हा महागडं कार्ड ग्रेड केलेलंच घ्या.