विश्लेषण : अमेरिकेचा टॅरिफ तिरुपूरच्या कपड्यावर, झळ पुसदच्या कापसाला, असे का?

पुसद : तालुक्यात २०२५ च्या हंगामात सीतादही उरकून कापसाची वेचणी सुरू झाली. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून जे बोंड वाचले ते घरात येऊ लागले आणि बाजारात विचारणा एकच, भाव काय? त्या वर्षी या प्रश्नाचे अर्धे उत्तर वॉशिंग्टनमध्ये दडले होते. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यानंतर त्यांच्या प्रशासनाने घेतलेले निर्णय पूस नदीकाठच्या कास्तकारापर्यंत कसे पोहोचतात, ते समजून घेऊ.

५० टक्के टॅरिफ म्हणजे नेमके काय?

टॅरिफ म्हणजे आयात शुल्क. ते भारत भरत नाही, अमेरिकेतला आयातदार भरतो. पण त्यामुळे आपला माल तिथे महाग होतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लागू झाले. रशियाकडून तेल घेतल्याचा दंड म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के वाढले. तेव्हा बांगलादेश आणि व्हिएतनामवर हेच शुल्क २० टक्के, तर पाकिस्तानवर १९ टक्के होते. टॉवेल, चादरी, तयार कपडे यांचा भारताचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका. वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलरचा हा व्यापार. तिरुपूर, पानिपत, सोलापूर इथल्या कारखानदारांना इतक्या फरकाने स्पर्धा करणे कठीण होते, यात वाद नाही.

मग कापसाचा संबंध कुठे आला?

गिरण्यांना दिलासा द्यायचा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टला काढून टाकले. आधी मुदत ३० सप्टेंबर होती, दहा दिवसांतच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हे शुल्क २०२१च्या अर्थसंकल्पात लावले होते. म्हणजे १०० रुपयांची विदेशी रुई गिरणीला १११ रुपयांना पडायची, ती सवलतीच्या मुदतीत १०० रुपयांनाच पडू लागली. त्यात ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांची रुई यंत्राने वेचलेली, काडीकचरा कमी असलेली आणि एकसारख्या प्रतीची असते. गिरणीवाला ती का सोडेल? शुल्क हटताच सीसीआयनेही आपल्या शिल्लक गाठींचे विक्री भाव उतरवले.

मुदतवाढीच्या तारखा नीट पाहा. विदर्भात कापूस ऑक्टोबरपासून बाजारात येतो आणि लहान कास्तकार डिसेंबरअखेर आपला बराचसा माल विकून मोकळा होतो. दुकानदाराची उधारी, पीककर्ज आणि लग्नकार्य त्याला थांबू देत नाहीत. आयात खुली राहिली ती नेमक्या याच तीन महिन्यांत. अमेरिकेने मार दिला कपडा निर्यातदाराला आणि त्यावरचे औषध मात्र कापूस उत्पादकाच्या खिशातून काढले गेले. गिरण्यांना व्याजात सवलत किंवा निर्यात अनुदान देऊनही हे करता आले असते. त्याचा खर्च सरकारी तिजोरीवर दिसला असता, आता तो कुठेच दिसत नाही.

२०२५-२६ चा हमीभाव काय आणि तो मिळतो कसा?

२०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. खेडा खरेदीत आणि खासगी जिनिंगवर भाव याखाली होता. हमीभावासाठी २०२५-२६ मध्ये ‘कपास किसान’ या मोबाइल अॅपवर नोंदणी, मग मंजुरी आणि त्यानंतर केंद्राची तारीख, असे टप्पे होते. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा लागलेला असावा लागतो, म्हणजे ई-पीक पाहणी झालेली हवी. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात.

खरी अडचण ओलाव्याची. पूर्ण हमीभाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच मिळतो. पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे लांब धाग्याला क्विंटलमागे सुमारे ८१ रुपये. १२ टक्क्यांवर ३२४ रुपये जातात. त्यापुढचा माल घेतलाच जात नाही. पावसात भिजलेल्या बोंडाचा कापूस दोन-तीन उन्हे दाखवल्याशिवाय केंद्रावर नेणे म्हणजे गाडीभाडे अंगावर घेणे.

अमेरिकेच्या कापूस उत्पादकाचे काय?

त्यालाही बाजारभाव परवडत नाही, पण त्याची सोय वेगळी आहे. ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कर-खर्च कायद्यात न पिंजलेल्या, म्हणजे सरकीसकट कापसाचा आधारभाव पाऊंडामागे ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला आहे. २०२५ च्या अखेरच्या विनिमय दराने हिशेब केला तर क्विंटलला साधारण ८,२०० रुपये. आपल्या ८,११०च्या अगदी जवळ! फरक आहे तो पद्धतीत. तिथे शेतकऱ्याला सरकारी केंद्रापुढे ट्रॅक्टरची रांग लावावी लागत नाही. तो माल कुठेही विकतो. देशातला वर्षाचा सरासरी भाव आधारभावाखाली गेला, तर ठरलेल्या क्षेत्रापुरता फरक सरकार त्याला देते. शेकडो एकरवाल्याला ही तजवीज आणि आपल्याकडे पाच एकरवाल्याला ओलावा मोजायचे यंत्र.

असे पहिल्यांदाच घडते आहे का?

नाही. मार्च १८६१ मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले, पुढच्याच महिन्यात गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेले यादवी युद्ध सुरू झाले आणि दक्षिणेकडची बंदरे रोखली गेली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळला. वऱ्हाड कापसाचा मुलूख म्हणून जगाच्या बाजाराला जोडला गेला तो याच काळात.

दुसरा दाखला तर याच तालुक्याशी जोडलेला. १९६५-६६ च्या दुष्काळात भारत अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील धान्यावर अवलंबून होता आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन ते हात आखडून, थोडे थोडे सोडत होते. मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर आली, ती चव जुन्या माणसांना अजून आठवते. त्यावेळी मुख्यमंत्री होते गहुलीचे वसंतराव नाईक. संकरित ज्वारीचा त्यांनी धरलेला आग्रह समजायचा तर ही पार्श्वभूमी ध्यानात हवी. त्यांची जयंती, १ जुलै, आज कृषी दिन म्हणून पाळली जाते.

सोयाबीनवरही संकट आहे का?

वाटाघाटींवर लक्ष ठेवावे. टॅरिफच्या भांडणात चीनने अमेरिकेचे सोयाबीन घेणे थांबवले होते. ३० ऑक्टोबरला ट्रम्प-शी जिनपिंग भेटीनंतर खरेदीचे आश्वासन मिळाले. तरी अमेरिकेला आपल्या सोयाबीन आणि मक्यासाठी नवी बाजारपेठ हवीच आहे आणि नजर भारतावर आहे. तिथले हे पीक बहुतांश जीएम. भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. पण २०२१ मध्ये कुक्कुटपालकांच्या मागणीवरून १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला मुभा दिली होती, म्हणजे दार एकदा किलकिले झालेले आहे. २०२५-२६ मध्ये इथे सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, बाजार त्याच्या बराच खाली. अशा वेळी पेंडीचा एक मोठा सौदाही जड जाईल.

तिकडे शिकायला-नोकरीला गेलेल्यांचे काय?

२१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून नव्याने एच-१बी व्हिसावर माणूस आणायचा तर कंपनीला एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ८८ लाख रुपयांहून अधिक शुल्क लावण्यात आले. आधीपासून व्हिसा असलेल्यांना ते लागू नव्हते. कर्ज काढून मुलाला एमएससाठी पाठवण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी तिथल्या नोकरीचा हिशेब पुन्हा मांडावा. तेव्हा अमेरिकेचे स्वतःचेही बरे चाललेले नव्हते. १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारी कामकाज निधीअभावी ठप्प झाले होते आणि सुमारे ४.२ कोटी लोकांच्या अन्न-मदतीचे नोव्हेंबरचे पैसे अडकले होते. आपल्याकडे रेशन बंद पडल्यासारखेच हे.

पुढे काय?

संसदेला वगळून १९७७ च्या आणीबाणी अधिकार कायद्याखाली अध्यक्ष असे टॅरिफ लावू शकतात का, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ रोजी सुनावणी झाली. त्याआधी खालच्या न्यायालयांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध कौल दिला होता. निकाल विरोधात गेला तर भारतावरचे दोन्ही २५ टक्के डळमळतील, अशी तेव्हाची स्थिती होती. पण त्याने आपली आयात-सवलत आपोआप रद्द होत नव्हती. तो निर्णय दिल्लीचा होता आणि तिची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. ज्यांना थोडा माल थांबवणे शक्य आहे, त्यांनी अॅपवरची नोंदणी आणि सातबाऱ्यावरची पेरा-नोंद तपासून ठेवावी.