चाटता चाटता मांजर मध्येच का थांबतं?

मागचा पाय वर, जिभेचं टोक बाहेर आणि मांजर एकदम स्तब्ध! अनेकांना वाटतं, काय करत होतं तेच ते विसरलं. पण त्या क्षणी कान बघा: बरेचदा एखादा कान बाजूला वळलेला दिसतो. माझ्या मते हा विसराळूपणा नाही, कानोसा आहे. खरखरीत जीभ केसांवरून फिरताना आवाज होतोच. नीट ऐकायचं तर थांबायलाच हवं. कुणी म्हणेल, ‘घर तर चिडीचूप होतं!’ चिडीचूप आपल्यासाठी. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६०,०००च्याही पुढे. उंदरांचे कितीतरी आवाज आपल्या कानांपलीकडचे असतात. मांजराचं मन वाचता येत नाही, हे मान्य. तरी जो प्राणी शिकार करतो आणि स्वतःही शिकार होऊ शकतो, त्याला अंग चाटतानाही सावध राहावंच लागतं. म्हणून तेव्हा त्याला हात लावू नका; त्याचं ऐकून होऊ द्या.