गोंगाटातलं स्वस्त कोलकाता

हावडा स्थानकाबाहेर पाऊल टाकलं की पहिला मारा कानांवर होतो. टॅक्सीवाल्यांच्या हाका, बसच्या दारात लोंबकळत थांब्यांची नावं पुकारणारे कंडक्टर आणि अखंड हॉर्न. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने आलेला मराठी प्रवासी इथेच गांगरतो आणि मागतील तेवढे पैसे देऊन पहिल्या टॅक्सीत बसतो. त्यापेक्षा सरळ समोरचा फेरीघाट गाठावा. नाममात्र तिकिटात लाँच हुगळी ओलांडून बाबूघाटाला सोडते. १९४३ साली खुला झालेला हावडा पूल नट-बोल्टांवर नाही, रिव्हेटांवर उभा आहे, आणि तो पाहावा पाण्यावरूनच. घाई असेल त्यांच्यासाठी २०२४ पासून नदीखालून मेट्रो आहे. पण पहिल्यांदा येणाऱ्याने लाँचच धरावी. गर्दीला सामोरं जाण्याआधी थोडा मोकळा वारा मिळतो.

मुक्कामासाठी इंडियन म्युझियमला लागून असलेला सदर स्ट्रीट परदेशी पाठपिशवीवाल्यांमुळे प्रसिद्ध आहे. स्वस्त लॉज तिथे रांगेने आहेत. खोली मात्र रस्त्याकडची घेऊ नये. मागच्या चौकाकडची अंधारी असली तरी रात्री डोळा लागतो. मराठी माणसांसाठी हाजरा रोडवर महाराष्ट्र निवासही आहे.

या शहराशी आपलं जुनं नातं भीतीचं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी घाबरून खंदक खणायला घेतला. मराठे तिथवर पोचलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज तिथे चालताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

जेवणासाठी कॉलेज स्ट्रीट गाठावा. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांमधून वाट काढत भवानी दत्त लेनमध्ये शिरलं की स्वाधीन भारत हिंदू हॉटेल लागतं. कोलकात्यात अशा खानावळींना पाइस हॉटेल म्हणतात. इथे ठरावीक थाळीची सक्ती नाही. भात, डाळ, भाजी, मासा, ज्याचा त्याचा दाम वेगळा. केळीच्या पानाचा आणि लिंबाच्या फोडीचासुद्धा. त्यामुळे खिशात थोडे पैसे असलेला माणूसही डाळ-भात आणि एक भाजी घेऊन ताठ मानेने उठतो. दिवसाचे पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात, पण फळा वाचायची गरज पडत नाही. आम्हाला वाढणाऱ्या वयस्कर दादांनी रोहू, पाबदा, पारशे, चिंगडी अशी सगळी यादी एका दमात म्हणून दाखवली, आणि उठताना कोणी काय खाल्लं याचा हिशेबही तसाच तोंडी सांगितला. कागद नाही, चूक नाही. इतक्या गलक्यात त्यांना लक्षात कसं राहतं, असं मी विचारलं. माणूस पाहिला की त्याचं पान आठवतं, एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

स्वातंत्र्याआधी हे नुसतं हिंदू हॉटेल होतं. 'स्वाधीन भारत' ही शब्दजोड नंतरची. प्रेसिडेन्सी कॉलेज अगदी जवळ. तिथे शिकत असताना सुभाषचंद्र बोस इथे जेवायला येत आणि पुई शाकाची भाजी आवडीने खात, असं इथले लोक सांगतात. पुई म्हणजे आपली मायाळू. कोकणातल्या परसात वाढणारा हा वेल भोपळा-वांग्याबरोबर असा शिजवता येतो, हे मला नव्याने कळलं.

वाईट याचं वाटतं, की गरिबाला सांभाळून घेणाऱ्या या शहराच्या सोयी एकेक करून आक्रसत आहेत. १९०२ पासून विजेवर धावणारी ट्राम मोजक्याच मार्गांवर उरली आहे. तिच्यामुळे वाहतूक अडते म्हणतात, पण हॉर्नचा कल्लोळ करणाऱ्या मोटारींना तो नियम कोणी लावत नाही. चहाच्या मातीच्या भांड्याची जागा कागदी कप घेत आहेत. सदर स्ट्रीटवर हाताने ओढायच्या रिक्षा अजून दिसतात. त्या मात्र संपायलाच हव्यात, ओढणाऱ्याला दुसरं पोटभर काम देऊन.

ट्राम चालू आहे तोवर एस्प्लनेडहून श्यामबाजारची पकडावी. ती कॉलेज स्ट्रीटवरूनच जाते. आणि हॉटेलात दुपारी एकच्या आत पोचावं. पुई शाक लवकर संपतं.