मनाचे आजार आणि आपले गाव

आपल्या मराठी बोलण्यात काही गावांची नावे विनाकारण बदनाम झाली आहेत. कोणी चमत्कारिक वागू लागला की पुण्याचे लोक त्याला येरवड्याची वाट दाखवितात, मुंबईकर ठाण्याची. कोकणात रत्नागिरीचे नाव निघते, आणि आमच्या बेळगावकडे धारवाडचे. या गावांचा अपराध इतकाच, की तेथे मनोरुग्णांची मोठी इस्पितळे आहेत. परंतु या थट्टेत एक जुनी समजूत दडलेली आहे. मन बिघडलेल्या माणसाला गावातून उचलून दूर कोठेतरी ‘पाठवावयाचे’ असते, ही ती समजूत होय. तिच्या उलट दिशेने, म्हणजे उपचारच रुग्णाच्या गावी आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी असा आमचा विचार आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘वेडा’ हा एकच शब्द आपण दोन अगदी भिन्न अवस्थांना लावतो. बुद्धीची वाढ लहानपणापासूनच मंद असणे हा काही आजार नव्हे, आणि ती अवस्था गोळ्यांनी जातही नाही. अशा मुलाला सावकाश, पुन्हा पुन्हा शिकवावे लागते: सदऱ्याची बटणे लावणे, सुटे पैसे मोजणे, ठरलेल्या बसमध्ये बसणे. मुंबईत १९४४ साली एका दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली जय वकील शाळा अशाच मुलांसाठी आहे. मनोविकार मात्र चांगल्या शिकल्यासवरल्या माणसालाही जडू शकतो, आणि औषधाने व समजुतीच्या बोलण्याने पुष्कळदा आटोक्यात येतो. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात या दोहोंची नोंद वेगवेगळी आहे. बुद्धी चांगली असूनही ज्यांना अक्षरे किंवा अंक जुळविणे जड जाते, अशा मुलांचीही तेथे निराळी नोंद आहे. (वर्गात ‘ढ’ ठरलेल्या एखाद्या सोबत्याकडे या दृष्टीने एकदा पाहावयास हरकत नाही.)

आता मूळ विषयाकडे वळू. मनोविकारतज्ज्ञ मूठभर, आणि तेही शहरांत. रुग्ण मात्र खेडोपाडी विखुरलेले. ही अडचण ओळखून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १९७५ च्या सुमारास जवळच्या सकलवारा या खेड्यात एक प्रयोग आरंभिला. तज्ज्ञ वाढण्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या डॉक्टरांना व आरोग्यसेवकांनाच हे काम शिकवावयाचे, असा तो प्रयोग होता. १९८२ साली भारत सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला. हीच पद्धत सबंध जिल्ह्यात चालते की नाही, याची परीक्षा पुढे आमच्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात झाली.

तेथील रीत साधी होती. हिवतापाची वा गोवराची चौकशी करीत घरोघर हिंडणारा आरोग्यसेवक आता आणखी दोन प्रश्न विचारू लागला. घरात कोणाला फेफरे येते काय? कोणी एकटाच बोलत बसतो, झोपत नाही, असे आहे काय? तसा कोणी आढळला की त्याला आरोग्य केंद्रात आणावयाचे. डॉक्टर मोजक्याच निवडक औषधांतून योग्य ते देणार, आणि अवघड रुग्ण तेवढा जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे जाणार. महिन्याच्या औषधासाठी दिवसाची मजुरी बुडवून दूरच्या शहरी जाणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने यातच सारे आले. १९९६ पासून ही योजना देशातील इतर जिल्ह्यांत नेण्यास आरंभ झाला. ती सर्वत्र सारखी चालली असे मात्र म्हणता येणार नाही. कोठे औषध संपते, कोठे तज्ज्ञाची जागा रिकामी राहते.

चोर्ला घाट उतरून गेले की लागणाऱ्या गोव्यात याहून एक पाऊल पुढे पडले. ‘संगाथ’ या संस्थेने वैद्यकाचे कसलेही शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशक केले. त्या रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलत, झोप, व्यायाम व श्वासाच्या सवयी समजावीत, औषध मध्येच सोडू नये म्हणून पाठपुरावा करीत. २४ दवाखान्यांत ही पद्धत तपासून पाहिली, आणि तिचे फलित २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत उदासीनता व चिंतारोग यांनी पीडित असलेल्या रुग्णांपैकी समुपदेशक लाभलेले शंभरांत सुमारे ६६ सहा महिन्यांत बरे झाले. न लाभलेले सुमारे ४२. खाजगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक जवळजवळ दिसला नाही, हेही त्या अभ्यासात प्रांजळपणे नोंदलेले आहे.

गावी उपचार नसला म्हणजे काय होते, ते तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाला दिसले. एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी जखडलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले. त्यांतील कित्येकांना त्यांच्या घरच्यांनीच तेथे आणून ठेवले होते, आणि ते सर्व निर्दय होते असे आम्हांस वाटत नाही. त्यांना दुसरी वाट ठाऊक नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला.

उरते ती मंदबुद्धी मुलांच्या आईवडिलांची चिंता: ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ यासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याला कायदेशीर पालक नेमून देण्याचा अधिकार तिला आहे. अर्ज जिल्हाधिकारी कचेरीकडे करावयाचा असतो. मनोविकाराविषयी सल्ला हवा असल्यास ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. मराठीत बोलावे किंवा कानडीत, दोन्ही चालते.