परदेशांतील रुग्णसेवा आणि इंग्रजीची कसोटी

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील पहिल्या पाळीचे कामगार दुचाक्यांवरून घरोघर परतत होते व दुसऱ्या पाळीचे आंत शिरत होते, अशा तिसऱ्या प्रहरीं आमच्या धाकट्या सूनबाईंच्या परीक्षेचा निकाल आला. वसाहतीला लागूनच आमचें बिऱ्हाड. घरांत लहानमोठीं मिळून नऊ माणसें, आणि त्या निकालाकडे सर्वांचेच डोळे लागलेले. ऐकणें साडेसात, वाचणें सात, बोलणें सात आणि लिहिणें सहा! लेखनांत साडेसहा गुण हवे होते. अर्ध्या गुणानें इंग्लंडची वाट अडली. सूनबाई कांहीं न बोलतां स्वयंपाकघरांत गेल्या आणि कणीक मळावयास बसल्या.

आमच्या मातुःश्रींचें वय आज शहाऐंशी. त्यांना इंग्रजी येत नाहीं, पण व्यवहार पुरता कळतो. त्यांनीं विचारलें, “अगं, परिचारिकेची पदवी तूं इंग्रजींतूनच घेतलीस ना? पुस्तकें इंग्रजी, पेपर इंग्रजी. मग ही आणखी कसली परीक्षा?” हा प्रश्न अनेक घरांतून विचारला जात असेल. नाशकांतच म्हसरूळला १९९८ सालीं महाराष्ट्राचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. वैद्यक, परिचर्या, दंतवैद्यक इत्यादि विद्या शिकविणारीं राज्यांतील महाविद्यालयें त्याला जोडलेलीं आहेत, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकीं कित्येकांच्या मनांत परदेशाचा विचार येऊन जातो. म्हणून मातुःश्रींच्या प्रश्नाचें उत्तर जरा विस्तारानें देणें उपयुक्त होईल असें वाटतें.

ह्या परीक्षा मुख्यतः दोन. पहिली ‘आयल्ट्स’. ती १९८९ पासून चालू आहे. परदेशीं शिकावयास निघालेला विद्यार्थी असो किंवा परिचारिका असो, तिच्यांत धंद्याचा भेद पाळला जात नाहीं. ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें असे तिचे चार भाग असून प्रत्येकास नवांपैकीं गुण मिळतात. लेखनाच्या एका तासांत एखाद्या आलेखाचें वर्णन करावयाचें आणि एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर निदान २५० शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो. दुसरी परीक्षा ‘ओईटी’, म्हणजे व्यवसायापुरत्या इंग्रजीची परीक्षा. मेलबर्न विद्यापीठांतील भाषाशास्त्रज्ञ टिम मॅकनमारा ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियन सरकारकरितां तिची आंखणी केली. ती केवळ आरोग्याच्या १२ व्यवसायांकरितां आहे; त्यांत डॉक्टर व परिचारिका ह्यांच्याबरोबर पशुवैद्यहि येतात. तिच्यांत लेखन म्हणजे निबंध नव्हे. रुग्णाच्या टिपणांवरून दुसऱ्या डॉक्टरास किंवा परिचारिकेस लिहावयाचें पत्र. ब्रिटनच्या परिचारिका-मंडळानें २०१७ पासून ही दुसरी परीक्षाहि ग्राह्य धरली आहे. तिचे गुण ५०० पैकीं दिले जातात. वाचन, श्रवण व संभाषण ह्यांत ३५० आणि लेखनांत ३०० मिळाले म्हणजे परिचारिकेचें काम भागतें. डॉक्टरांना चारहि भागांत ३५० हवेत.

परदेशी वैद्यांची भाषा अशी मापून घेण्याची रीत फार जुनी नाहीं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें इंग्रजी तपासावयास कोणतेंहि मंडळ बसलें नव्हतें. तत्पूर्वीं फेब्रुवारींत सेरामपूर येथें भरसभेंत त्यांनीं आपण अमेरिकेस कां जात आहोंत हें इंग्रजींतून सांगितलें, तीच त्यांची परीक्षा. टपालखात्यांतील पतीजवळ त्या शिकल्या आणि १८८६ च्या मार्चांत डॉक्टर झाल्या. पुढें स्वातंत्र्यानंतरहि बरीच वर्षें भारतीय वैद्यकीय पदवी दाखविली कीं ब्रिटनमध्यें नोंदणी होत असे. ती मान्यता १९७५ सालीं काढून घेण्यांत आली, आणि त्याच सालीं बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांसाठीं वैद्यकीय ज्ञान व इंग्रजी ह्या दोहोंची परीक्षा सुरूं झाली. अमेरिकेंत डॉक्टरांना नकली रुग्णांशीं बोलून दाखवावें लागे. ती परीक्षा २०२१ सालीं बंद झाली आणि परदेशांत शिकलेल्या डॉक्टरांकडून तिच्या जागीं हीच ओईटी मागूं लागले.

हें सर्व परकीयांना अडविण्याकरितां आहे, असें आमचे थोरले चिरंजीव म्हणतात. त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. ज्याच्या घरीं जावयाचें तो दार किती उघडावें हें आपल्या सोयीनें ठरवितो. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. २००८ सालीं इंग्लंडांत केंब्रिजशायर भागांत जर्मनीहून पाळीपुरत्या आलेल्या एका डॉक्टरानें एका वृद्धास वेदनाशामक औषधाची दहापट मात्रा टोंचली आणि तो गृहस्थ दगावला. युरोपीय संघांतून येणाऱ्या डॉक्टरांची भाषा तपासण्याचा अधिकार त्या वेळीं तेथील वैद्यक-मंडळास नव्हता. त्या घटनेंत अपरिचित औषधाचा गोंधळ होता, थकवा होता, आणि इंग्रजीचें कच्चेपणहि चर्चेंत आलें. मृताच्या मुलांनीं वर्षानुवर्षें पाठपुरावा केला आणि २०१४ सालीं तो अधिकार मंडळास कायद्यानें मिळाला. म्हणजे ज्या कसोटींतून आमच्या सूनबाईंना जावें लागतें, तिच्यांतून आतां गोऱ्या डॉक्टरासहि शंका आल्यास जावें लागतें.

आतां मातुःश्रींच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. पदवी इंग्रजींतून घेतली, तरी परीक्षा कां? ब्रिटनच्या परिचारिका-मंडळानें ह्याचें उत्तर आपल्या एका दंडकांत दिलें होतें. इंग्रजींतून शिक्षण झाल्याचा पुरावा मानावयाचा, तर प्रत्यक्ष रुग्णसेवेंतील संभाषणाचा निदान पाऊण भाग इंग्रजींत झालेला असला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. आपल्याकडे तें कसें शक्य आहे? सूनबाई ज्या रुग्णालयांत काम करतात, तेथें अंबडच्या कारखान्यांतील कामगार येतात. कोणी खानदेशांतून आलेला अहिराणी बोलतो, कोणी बिहारचा हिंदी, बाकीचे मराठी. पुस्तक इंग्रजी व रुग्ण मराठी असा हा संसार आहे. आपल्या मुलींना रोगाचें इंग्रजी येतें, पण रोग्याशीं बोलण्याचें इंग्रजी येत नाहीं. तें शिकण्याचा प्रसंगच आलेला नसतो.

आणि मराठी तरी येतें काय? ही शंका आमच्या घरांत एका रविवारीं उपस्थित झाली. निबंध नको, रुग्णाचें पत्र बरें, असा विचार करून सूनबाईंनीं ओईटीला बसावयाचें ठरविलें होतें. ह्या परीक्षेच्या संभाषणांत दोन प्रसंग असतात. हातांत एक कागद देतात, तो वाचावयास तीन मिनिटें, मग पांच मिनिटें समोरच्या माणसाशीं बोलावयाचें. तो माणूस रुग्ण होतो किंवा रुग्णाचा नातलग होतो. गुण तो देत नाहीं, ध्वनिमुद्रण ऐकून दुसरेच देतात. सूनबाईंचा त्या दिवशींचा प्रसंग असा: मधुमेहाच्या वृद्ध बाईला इन्सुलिन सुरूं करावयाचें आहे आणि ती तयार नाहीं. आमचा नातू रुग्ण झाला, पण त्याला हंसूं आवरेना. तेव्हां मातुःश्री म्हणाल्या, “मी बसतें रुग्ण होऊन. पण बोल माझ्याशीं माझ्या भाषेंत.”

सूनबाई म्हणाल्या, “आजी, तुमची शुगर अनकंट्रोल्ड आहे, म्हणून डॉक्टरांनीं इन्सुलिन स्टार्ट केलंय. डोस मिस करूं नका, नाहीं तर कॉम्प्लिकेशन्स होतील.”

“शेवटीं काय होईल म्हणालीस?” मातुःश्रींनीं विचारलें. सूनबाईंनीं तेंच वाक्य जरा मोठ्यानें पुन्हां म्हटलें.

“मला ऐकूं येतं ग,” मातुःश्री म्हणाल्या. “समजलं नाहीं. आणि मी नको कां म्हणतें, तें तूं विचारलंच नाहींस. आमच्या थोरल्या वन्संना ही सुई लागली आणि वर्षभरांत त्या गेल्या. सुई म्हणजे शेवट, हें मला ठाऊक आहे.”

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सूनबाई मातुःश्रींच्या जवळ सरकून बसल्या आणि त्यांनीं अगदीं साध्या मराठींत सांगितलें कीं आत्याबाई सुईनें गेल्या नाहींत, त्यांची सुई फार उशीरां सुरूं झाली; तोंपर्यंत मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं. रक्तांतील साखर वाढत राहिली तर डोळे, मूत्रपिंडें व पाय ह्यांना ती हळूहळू पोखरते, आणि हें औषध तें थांबविण्यासाठीं आहे. सुई केवढी, कोठें टोंचावयाची, जेवण चुकलें तर काय करावयाचें, हेंहि सांगितलें. शेवटीं, “आतां तुम्ही मला सांगा, मी काय काय म्हणालें,” असें विचारलें. मातुःश्रींनीं सर्व बरोबर सांगितलें.

पुढें परीक्षेची माहितीपत्रिका वाचतांना आम्हांस आढळलें कीं संभाषणाच्या गुणांत केवळ उच्चार व व्याकरण धरलेलें नाहीं. २०१८ पासून रुग्णाशीं जवळीक साधली काय, त्याची भीति जाणून घेतली काय, माहिती टप्प्याटप्प्यानें दिली काय, ह्यांचेहि गुण आहेत. आमच्या मातुःश्रींनीं जें मागितलें तेंच हें. लेखनाचीहि तीच गत. पत्र सुमारें १८० ते २०० शब्दांचें. टिपणें वाचण्यास ५ मिनिटें, लिहिण्यास ४०. टिपणांत रुग्णाचा सारा इतिहास दिलेला असतो आणि त्यांतील बराचसा भाग पत्राला निरुपयोगी असतो. आपल्या मुली सगळें उतरवून काढतात, कारण लहानपणापासून ‘कांहीं सोडूं नकोस’ हेंच त्यांना शिकविलेलें. पत्र वाचणाऱ्याला काय हवें आहे तें निवडणें, आणि पहिल्या वाक्यांत पत्राचें कारण सांगणें, ही संवय त्यांना नाहीं. सूनबाईंनीं दोन महिने रोज एक पत्र लिहिलें. आम्ही तें वाचून एवढेंच विचारीत होतों, “हें तूं कां लिहितेस, तें मला कितव्या ओळींत कळलें?”

आतां पैशाची बाब, कारण एकत्र कुटुंबांत ती टाळून चालत नाहीं. आयल्ट्सचें शुल्क पंधरा हजार रुपयांच्या वर जातें, ओईटीचें त्याहून पुष्कळच अधिक, आणि शिकवणीचा खर्च निराळा. निकाल दोनच वर्षें ग्राह्य. तेव्हां तयारी होण्यापूर्वीं घाईनें बसणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें. दुसरी गोष्ट मध्यस्थांची. परदेशीं नोकरी देणाऱ्या मध्यस्थाजवळ भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असला पाहिजे, आणि सरकारी नियमांप्रमाणें त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर ह्यांहून अधिक सेवाशुल्क घेतां येत नाहीं. ब्रिटनमधील नोकरीबद्दल तर तेथील नीतिनियम उमेदवाराकडून भरतीचें शुल्क घेऊंच देत नाहींत. जो ‘परीक्षेविना पाठवितों’ किंवा ‘निकाल मिळवून देतों’ म्हणतो, त्याच्या दाराशींहि उभें राहूं नये. खोटा निकाल आज ना उद्यां उघडकीस येतो आणि मुलीची नोंदणी धोक्यांत येते.

इंग्रजी हाच एक मार्ग आहे असेंहि नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यांत परिचारिकांचाहि समावेश असून जर्मन शिकविण्याची सोय सरकारनें अंगावर घेतली. परंतु तेथेंहि भाषेची पायरी चुकत नाहीं. जर्मन तर मुळाक्षरांपासून शिकावयाची! शिवाय ब्रिटनमधील परदेशी परिचारिकांची भरती २०२४ नंतर मंदावली आहे. परीक्षा उतरली म्हणजे नोकरी मिळालीच, असें समजून घर विकावयास काढूं नये.

मार्गशीर्षांत सूनबाई परीक्षेस बसल्या. वाचन ३७०, श्रवण ३८०, संभाषण ३९०, लेखन ३३०. सर्व भाग उतरले. त्या दिवशीं घरांत शिरा झाला. पण जाण्याचा निर्णय अजून झालेला नाहीं. मुलगा तीन वर्षांचा आहे, मातुःश्री थकल्या आहेत, आणि आमच्या चिरंजीवांना तेथें काय काम मिळेल ह्याचा पत्ता नाहीं. “तुम्ही सर्वांनीं मनापासून हो म्हटलंत, तरच मी जाईन, मामंजी,” असें सूनबाईंनीं सांगितलें आहे. आम्हीहि त्यांना स्पष्ट सांगितलें कीं आमच्या सोयीसाठीं तुम्ही राहूं नका आणि शेजारणींच्या कौतुकासाठीं जाऊंहि नका. निकालाचीं दोन वर्षें हातांत आहेत. त्या मुदतींत काय तें ठरेल.

दरम्यान आमच्या आळींतील आणखी दोन मुली ओईटीची तयारी करीत आहेत. दर रविवारीं दुपारीं त्या आमच्याकडे येतात. मातुःश्री डोळ्यांवर चष्मा चढवून रुग्ण होऊन बसतात. कधीं त्यांचा पाय मोडलेला असतो, कधीं त्यांना दवाखान्यांतून पळून जावयाचें असतें. नियम एकच आहे: पहिल्यांदा मराठींत बोलावयाचें, आणि मातुःश्रींना समजलें असें त्यांनीं म्हटल्याशिवाय इंग्रजीला हात लावावयाचा नाहीं.